कोरड्या कारंज्यातला मका

त्सखाल्तुबोच्या आरोग्यधामात रुग्ण उरले नव्हते,
आम्ही होतो,
सुखुमीहून डोंगरातल्या बर्फातून चालत आलेले.
दारांवर अजून पितळी आकडे, दोनशे चौदा, दोनशे सोळा,
आणि जिन्यापाशी जुनी पाटी:
दुपारी दोन ते चार शांतता राखावी.

अंगणात कारंजं. गोल, कोरडं,
मधोमध दगडी मासा, तोंड उघडं.
ते भरायला दोन वसंत लागले.
ओढ्याकाठची माती बादलीने आली, बाबागाडीने आली,
एकदा तर न्हाणीघरातला टबच
दोघी ओढत घेऊन आल्या,
एकमेकींकडे न बघता.

माझी आई लमझिरा, आणि शेजारची नाझिब्रोला.
बोलणं नव्हतं.
का, ते मला चाळिशीतही धड ठाऊक नाही;
खिंडीत कुणी कुणाची घोंगडी घेतली होती म्हणे,
किंवा मागूनही दिली नव्हती.

म्हणून माशाच्या शेपटीपासून तोंडापुढे
सुतळी ताणली.
अलीकडे आईचा मका.
पलीकडे तिचा घेवडा, तांबड्या ठिपक्यांचा,
कोटाच्या अस्तरात शिवून आणलेला.

जूनमध्ये मका पायापासून पिवळा पडत गेला.
घेवडा जमिनीवर लोळला,
गोगलगायींनी शेंगा आधी खाल्ल्या.
दोघी आपापल्या काठावर उभ्या,
दुसरीचं वाटोळं बघून
जराशा सुखात.

एकशे एकोणिसातले प्लातोन
पूर्वी चहाच्या मळ्यावर कृषी अधिकारी,
आता खिशात सतत सूर्यफुलाच्या बिया.
त्यांनी न विचारता घेवड्याचा एक वेल उपटला,
मुळांवरच्या खसखशीएवढ्या गाठी
आईच्या नाकासमोर धरल्या.
म्हणाले, हा भाडं भरतो बाई,
पण जमिनीखालून.
राहायला खोली मात्र कुणीतरी द्यावी लागते.
नाझिब्रोला तिकडून ओरडली, माझा वेल भरून द्या!

त्याच आठवड्यात एका शेंड्याने सुतळी ओलांडली.
मक्याच्या ताटाला दीड वेढा.
आई कात्री घेऊन गेली.
बराच वेळ वाकून बघत राहिली.
मग परत आली
आणि त्या कात्रीने माझी नखं कापली,
इतकी खोल, की रात्री बोटं ठणकली.

पुढल्या वसंतात सुतळी दिसली नाही.
कुणी सोडली, विचारायची सोय नव्हती.
मका वीतभर झाला, तेव्हा त्याच्या पायाशी घेवडा.
भोपळ्याने पानं पसरून माती झाकली,
ऊन आत जाईना, तणाला तोंड वर काढता येईना.
काठाने झेंडू, कारण प्लातोन म्हणाले
किड्यांना वास आवडत नाही;
पण खरं कारण स्वयंपाकघरात होतं:
पाकळ्या खिडकीत वाळायच्या,
कुटून अक्रोडाच्या वाटणात जायच्या,
आणि सगळा मजला पिवळा पिवळा वासायचा.
भोपळा एकदा माशाच्या तोंडात शिरला
आणि आतच वाढला.
काढता आला नाही. आम्ही पोरं हसून मेलो.

बोलणं म्हणाल तर एवढंच:
पाणी घातलंस?
घातलं.

मग सरकारने घरं दिली, चिठ्ठ्या टाकून.
आईला कुतैसीत नववा मजला.
नाझिब्रोलाला समुद्राकडे, पोतीला.
सामान बांधताना आईच्या बरणीत
तांबड्या ठिपक्यांचा घेवडा निघाला.
मक्याची कणसं कुठे गेली
हे मी विचारलं नाही.

आता आईच्या गॅलरीत घेवडा
कपड्यांच्या दोरीवरून समोरच्या इमारतीकडे निघालाय.
दर रविवारी, दुपारी दोनला, पोतीहून फोन येतो.
मका आडवा झाला. वारा फार आहे इथे.
माझी दोरी अडली. चादरी कुठे वाळत घालू?
मग दोघी गप्प.
रिसीव्हर कुणीच ठेवत नाही.
मी चहा टाकते, भांडी विसळते,
पलीकडून एका ट्रकचा आवाज येतो,
कुणीतरी खाकरतं.